चार पॅड, चार जाड्या: कारचे ब्रेक एकसारखे का झिजत नाहीत

एका चाकाचा पॅड पत्र्यापर्यंत गेलाय आणि दुसऱ्या चाकाचा निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, अशी गाडी गॅरेजला आली की बहुतेक वेळा नवा सेट टाकून तिला वाटेला लावतात. जुने पॅड भंगाराच्या डब्यात जातात आणि वर्षाच्या आत त्याच चाकातून पुन्हा करकर सुरू होते. पॅड झिजायचेच, पण चारही साधारण बरोबरीने झिजायला हवेत. ते का झिजले नाहीत याचं उत्तर त्या जुन्या पॅडवरच असतं. त्यामुळे पॅड कुणीही बदलो, उतरवतानाच मागच्या पत्र्यावर मार्करने लिहायला सांगा: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. मग चारही शेजारीशेजारी मांडून बघा.

इथे धरलेली गाडी म्हणजे पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली नेहमीची छोटी कार. खानदेशात तिच्या ब्रेकवर तीन गोष्टींचा मारा जास्त असतो. पहिली काळी माती. पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून किंवा कापसाच्या शिवारातून गाडी आली की चाकाच्या आत चिखलाचा थर बसतो, आणि दोन दिवसांत तो वाळून, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सांध्यात घट्ट होतो. दुसरी ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि कॅलिपरच्या रबरी टोप्या वयाआधीच कडक होऊन चिरतात. तिसरी घाट. कन्नड घाट, कोंडाईबारी, तोरणमाळ, कुठलाही घाट उतरताना एखादं चाक आधीच ब्रेक धरून बसलेलं असेल तर तिथे ते पुरतं तापतं.

गाडी उचलण्याआधी

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, मोकळ्या सरळ रस्त्यावर ८-१० किलोमीटर गाडी चालवा. ब्रेक शक्य तितका कमी वापरा आणि शेवटी गाडी आपोआप हळू होऊ देऊन थांबवा. उतरून लगेच चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा, पुढे डिस्कवर आणि मागे ड्रमवर. थर्मामीटर नसेल तर तळहात रिमजवळ धरा; डिस्कला हात लावू नका, चामडी सोलून निघते. डाव्या-उजव्या चाकात थोडा फरक चालतो. एक चाक दुसऱ्यापेक्षा ३०-४० अंशांनी गरम असेल, किंवा त्याला जळका वास येत असेल, तर ते चाक ब्रेक सोडत नाही.

आता उलट चाचणी. ताशी ५० च्या वेगावरून सात-आठ वेळा मध्यम जोराने ब्रेक मारा आणि पुन्हा तापमान बघा. या वेळी एखादं चाक इतरांपेक्षा थंड राहिलं, तर ते चाक ब्रेक लावतच नाही. ही दुसरी चाचणी फारसं कुणी करत नाही आणि निदान तिथेच फसतं. उजवा पॅड संपला म्हणजे दोष उजवीकडेच, हे खरं नाही. डावीकडचा, पॅड दाबणारा पिस्टन जाम असेल तर सगळं काम उजव्याला करावं लागतं, तो बिचारा लवकर संपतो आणि डावा वर्षभर नव्यासारखा राहतो. अशा वेळी उजवीकडे कितीही पैसे घातले तरी उपयोग नाही.

गाडी ओढते म्हटलं की अलाइनमेंटला पाठवायची पद्धत आहे. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर अलाइनमेंटचे पैसे वाचवा आणि आधी ब्रेक बघा. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतोय, म्हणजे दुबळा ब्रेक बहुधा विरुद्ध बाजूला आहे. ब्रेक न दाबताही सतत एका बाजूला जात असेल तर टायरची हवा, टायरची झीज, अलाइनमेंट किंवा धरून बसलेलं चाक, असं सगळंच तपासावं लागतं.

चाक काढल्यावर

सपाट, कडक जमिनीवर गाडी लावा. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नका. कोरडी दिसणारी जमीनही वजनाखाली बसते. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडाची उटी लावा, नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, गाडी उचला आणि लगेच घोडीवर (जॅक-स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही.

गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवा. पॅड डिस्कला हलका घासल्याचा आवाज येणारच, पण चाक सहज फिरलं पाहिजे. मग कुणालातरी पेडल दाबून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवा. पेडल दाबलेलं असताना चाक फिरतंय, तर ते ब्रेक लावत नाही. पेडल सोडूनही फिरत नाही, तर ते सोडत नाही. त्याच वेळी चाक वर आणि खाली धरून हलवून बघा. खटखट लागली तर व्हील बेअरिंग गेलंय. डिस्क हलती राहिली की पॅडची झीज वेडीवाकडी होते, त्यामुळे आधी ते काम करा.

कॅलिपरचा खालचा पिन-बोल्ट काढून कॅलिपर वर उलटवा. छोट्या गाड्यांना इथे बहुधा १२ किंवा १४ चा पाना लागतो. पूर्ण काढत असाल तर कॅलिपर होज पाइपवर (ब्रेक ऑइल आणणाऱ्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकची धूळ हवा मारून उडवायची नाही, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल-डिझेलने धुवायची सवय इथे मोडा. डिझेल लागलेलं रबर फुगतं आणि नव्या पॅडला त्याचा थेंब लागला तरी तो पॅड वाया जातो.

आता पॅड मोजा. मागचा लोखंडी पत्रा सोडून फक्त मसाल्याची, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या थराची, जाडी घ्यायची, वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना. नव्या पॅडवर मसाला साधारण ९ ते १२ मिमी असतो. ३ मिमीवर आला की बदला. एकाच चाकाच्या आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये, किंवा डाव्या-उजव्या चाकात, दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय नवे पॅड बसवू नका.

झीज वाचायची कशी

या गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला लावतो. पेडल सोडलं की पिस्टनभोवतीचं चौकोनी रबरी सील पीळ सोडून पिस्टनला केसभर मागे घेतं. मागे ओढणारी स्प्रिंग नाही, हा केसभर पीळ हेच सगळं यंत्र. म्हणून थोडासा गंज किंवा थोडंसं कडक झालेलं रबरही पुरतं.

आतला पॅड जास्त झिजलाय: पिना हाताने सरकतात का बघा. सरकत असतील तर पिस्टन मागे जात नाही. सरकत नसतील तर कॅलिपर जागच्या जागी अडकलाय, पिस्टन एकटाच आतला पॅड दाबतोय आणि बाहेरचा नुसता बसून आहे.

बाहेरचा पॅड जास्त झिजलाय: इथे दोष जवळपास नेहमी पिनांचा. पेडलच्या जोराने कॅलिपर कसाबसा आत सरकतो, पण सोडल्यावर मागे येत नाही, आणि बाहेरचा पॅड दिवसभर घासत राहतो.

पॅड उतरता झिजलाय, एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ: दोनपैकी एकच पिन जाम आहे, किंवा पॅडचे कान (दोन्ही टोकं) कॅलिपरला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने अडकलेत. एखाद मिमीचा उतार मात्र चालतो. डिस्क ज्या टोकाकडून पॅडखाली शिरते ते टोक थोडं जास्त झिजतंच.

एका चाकाचे दोन्ही पॅड एकसारखे, पण दुसऱ्या चाकापेक्षा बरेच पातळ: दाब अडकून राहतोय, नाहीतर दुसऱ्या बाजूचं चाक काम करत नाही. होज आणि पिस्टनच्या भागात याचं बघू.

मसाला काचेसारखा चकचकीत आणि निळसर झाला असेल तर पॅड जळलाय. त्यावर घासकागद मारून वेळ मारून नेऊ नका.

पिना

खानदेशातल्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत असमान झिजेचं पहिलं कारण पिना धरावं. ब्रॅकेटमधली पिन दोन बोटांनी आत-बाहेर सरकली पाहिजे, गोल फिरली पाहिजे. पाना लावून, ठोकून हलवावी लागली तर ती गेली. बाहेर ओढून नीट बघा. चांगल्या पिनेवर ग्रीसचा ओलसर, एकसारखा थर असतो. बिघडलेल्या पिनेवर ग्रीस वाळलेल्या काकवीसारखं चिकट आणि तपकिरी झालेलं असतं, मधे एका जागी गंजाचा पट्टा असतो आणि त्यात हमखास बारीक रेती सापडते. ती रेती कुठून आली हे रबरी टोपीची घडी बोटांनी ताणून बघितली की दिसतं: घडीच्या तळाशी केसाएवढी चीर. वॉशिंग सेंटरवर चाकाच्या आत जवळून मारलेला प्रेशरचा फवाराही याच चिरेतून आत जातो.

पिन ब्रेक क्लीनरने साफ करा. गंजाचा नुसता डाग असेल तर ६००-८०० नंबरचा पॉलिश पेपर हलका मारा. खड्डे पडले असतील तर पिन बदला. ब्रॅकेटचं भोकही तेवढंच महत्त्वाचं आहे: काडीला कापड गुंडाळून क्लीनरने तळापर्यंत साफ करा, जुनं ग्रीस आत राहिलं तर नवी पिनही महिनाभरात चिकटते. वरची आणि खालची पिन बऱ्याच गाड्यांत वेगळी असते, एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. काढताना खूण करा, अदलाबदल झाली तर कॅलिपर पुन्हा तिरका चालतो.

ग्रीसच्या बाबतीत बेअरिंगचं पिवळं किंवा साधं चेसिस ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलाने पिनेचा बुश आणि टोपी फुगते आणि काल मोकळी केलेली पिन दोन-तीन आठवड्यांत पहिल्यापेक्षा घट्ट होते. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस किंवा लाल रबर ग्रीस मागा. एका पिनेला हरभऱ्याएवढं ग्रीस पुष्कळ. जास्त भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. बसवल्यावर टोपीची कड पिनेच्या खाचेत गोल बसली आहे याची बोट फिरवून खात्री करा. टोपी चिरलेली असेल तर टोप्यांचं किट टाकाच, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

त्याच बैठकीत ब्रॅकेटमधल्या पत्र्याच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंज फुगून वर आलेला असतो, क्लिप उचलली जाते आणि पॅड खाचेत आवळला जातो. तारेच्या ब्रशने किंवा बारीक कानशीने धातू दिसेपर्यंत साफ करून क्लिपा परत बसवा, जमल्यास नव्या. पॅड खाचेत बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड परत मागे येणार नाही.

पिस्टन, होज आणि मास्टर सिलिंडर

पिना मोकळ्या असूनही चाक धरून बसत असेल तर पेडल दाबून सोडा, चाक जाम आहे याची खात्री करा आणि कॅलिपरचा ब्लीडर निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी) पाव फेरा उघडा. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. चाक तरीही जाम राहिलं, तर पिस्टनच गंजलाय.

दाब अडकत असेल तर कारण होजमध्ये आहे की मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा सिलिंडर), हे असं कळतं. पुन्हा पेडल दाबून चाक जाम करा, आता निपलऐवजी होजच्या वरच्या टोकाचा, म्हणजे लोखंडी पाइप जिथे जोडलाय तो नट, थोडा सैल करा. चाक सुटलं तर अडथळा वर, मास्टर सिलिंडरकडे. सुटलं नाही, पण निपल उघडल्यावर सुटतं, तर होज आतून सुजलाय. बाहेरून तो धडधाकट दिसतो. पेडलचा जोर ऑइलला आत ढकलतो, पण परत येताना ते सुजलेल्या रबरामागे अडकतं. असा होज धुऊन-फुंकून सुधारत नाही, बदलावा लागतो, आणि दोन्ही बाजूचे एकाच वेळी बदललेले बरे. एक सूचना: गॅरेजमध्ये पाइप बंद करायला होज पक्कडीने चिमटतात, त्यातून हा आजार जडतो.

दोन्ही पुढची चाकं, किंवा तिरपी जोडी म्हणजे डावं पुढचं आणि उजवं मागचं, एकत्र धरत असतील तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. पुढच्या चाकांना इंजिनचा जोर जातो अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकची लाइन अशी तिरपी वाटलेली असते. पेडलला मोकळी चाल आहे का तेही बघा. चाल नसेल तर मास्टर सिलिंडरचं परतीचं भोक बंद राहतं आणि ऑइल तापेल तसा ब्रेक आपोआप आवळत जातो.

पिस्टन काढायचा तर होज सोडण्याआधीच काढा: कॅलिपरमध्ये लाकडी फळीचा तुकडा ठेवा आणि पेडल हळूहळू दाबा, पिस्टन बाहेर येतो. कंप्रेसरच्या हवेने काढताना तो बंदुकीच्या गोळीच्या जोराने सुटतो आणि बोट चेंगरतं. पिस्टनच्या चकचकीत भागावर खड्डे असतील तर पिस्टन बदला. सील आणि टोपीचं किट नवंच टाका, आतली खाच लाकडी काडीने साफ करा, सीलला ताजं ब्रेक ऑइल लावा आणि पिस्टन हाताने सरळ दाबून बसवा. सिलिंडरलाच खड्डे पडले असतील तर कॅलिपर बदलण्याशिवाय इलाज नाही.

डिस्क

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने पाच-सहा ठिकाणी मोजा. किमानच्या खाली असेल, किंवा लेथवर घासल्यावर खाली जाणार असेल, तर नवी जोडी घ्या. एकच डिस्क बदलणं किंवा एकच घासणं नको. पेडल थरथरत असेल तर डायल गेजने डिस्कचा डोल (फिरताना होणारी आत-बाहेर हालचाल) बघा, साधारण ०.१ मिमीच्या आत हवा. नवी डिस्कही डोलताना दिसली तर आधी हबवरचा गंज काढा. आणि पंक्चरवाल्याने पान्यावर उभं राहून कसलेले नट सैल करून, आडवे-तिडवे, टॉर्क पान्याने परत कसा. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

मागचे ड्रम

ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक पूर्ण सोडा. बऱ्याच ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ मिमीचे बोल्ट सारखे-सारखे आवळले की ड्रम सुटून येतो. एका चाकातल्या दोन लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणारे पट्टे) पुढचा थोडा जास्त झिजतो, ते ठीक. डावं-उजवं मात्र सारखं हवं. एका बाजूचा लायनर ओला असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. ऑइल प्यालेला लायनर धुऊन चालत नाही. एका बाजूला जास्त झीज असेल तर हँडब्रेकची केबल आवरणात गंजली आहे का बघा: लिव्हर सोडल्यावर चाकाकडचं टोक पूर्ण मागे गेलं पाहिजे. केबल तशीच ठेवून मधल्या नटावर समतोल साधायचा प्रयत्न फुकट जातो. आधी लायनरचा अॅडजस्टर, मग केबल, हा क्रम पाळा. पावसाळ्यात गाडी गावी दहा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला उटी लावा, नाहीतर लायनर ड्रमला गंजाने चिकटतो.

बसवताना

पिस्टन मागे ढकलताना निपलला नळी लावून तो उघडा ठेवा आणि शिकंजाने हळू दाबा. कॅलिपरमधलं काळं ऑइल वर मास्टर सिलिंडर किंवा एबीएसमध्ये ढकलण्यापेक्षा बाहेर गेलेलं बरं. पूर्ण आत गेल्यावर निपल पिस्टन दाबात असतानाच बंद करा, नाहीतर हवा शिरते. मागेही डिस्क असलेल्या गाड्यांत हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन दाबत नाहीत, खास टूलने फिरवत आत घेतात.

आवाज करणारी पट्टी असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला जातो. पॅडच्या कानांना आणि मागच्या पत्र्याला ब्रेक ग्रीसचा पातळ हात, मसाल्याला आणि डिस्कला अजिबात नाही. ऑइल टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरा, सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते, आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. जिथे जिथे पाइप उघडला, तिथली हवा काढा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही आणि गाडी भिंतीवर जाते.

पॅड बसायला रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत असे दहा-बारा मध्यम ब्रेक मारा, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट गाडी चालती ठेवा आणि शेवटी पूर्ण न थांबता थंड होऊ द्या. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये कन्नड घाट नको. तापमानाची चाचणी त्याच दिवशी पुन्हा करा. हजार किलोमीटरनंतर चाकं उतरवून चारही पॅड परत मोजा आणि आकडे सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. फरक अर्ध्या मिमीच्या आत असेल तर काम झालं. त्याच बाजूला पुन्हा फरक दिसला आणि पिना अजून मोकळ्या असतील, तर त्या चाकाचा होज बदला.